फडके वाचायचे, तर क्रमाने

एके काळी घरोघर वाचले गेले आणि नंतर तितक्याच घाईने माळ्यावर टाकले गेले, असे मराठी लेखक मोजायला बसलो तर पहिलं नाव ना. सी. फडके यांचं येतं. नारायण सीताराम फडके. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कर्जत इथे ४ ऑगस्ट १८९४ रोजी जन्म, आणि २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुण्यात मृत्यू. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय कथा, लघुनिबंध, टीकाग्रंथ, चरित्रं आणि आत्मचरित्र. आयुष्य आकडेमोडीत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाचा हात लगेच हिशेबाकडे जातो. पहिली कादंबरी १९१७ ची. म्हणजे सहा दशकं हा माणूस वर्षाला एकाहून जास्त कादंबरी देत होता, आणि त्यातली बरीच वर्षं कॉलेजातली नोकरी सांभाळून. मी बँकेची नोकरी सांभाळून तीस वर्षांत सहा कादंबऱ्या लिहिल्या, तर घरच्यांना ते फार वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं वाचनाचे मोठमोठे बेत आखतात. कुणी ज्ञानेश्वरी घेतं, कुणी टॉलस्टॉय. मी ठरवलं, फडके वाचायचे, आणि प्रकाशनाच्या क्रमाने वाचायचे. पंधरवड्याला एक. मित्रांनी भुवया उंचावल्या. साठी उलटलेल्या माणसाने प्रेमकथांचा रतीब लावावा हे त्यांना शोभेसं वाटलं नाही. पण एखाद्या लेखकाच्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या वाचून त्याला निकालात काढणं, हे खातेदाराची एकच नोंद पाहून कर्ज नाकारण्यासारखं आहे. खतावणी पहिल्या पानापासून पाहावी.

पहिल्याच पानावर एक गंमत सापडते. १९१७ ची ‘अल्ला हो अकबर’ ही स्वतंत्र कादंबरी नव्हे. मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या ‘टेंपोरल पॉवर’वर ती आधारलेली आहे. कॉरेलीबाईंचं नाव आज विलायतेतही फारसं कुणी घेत नाही. पण त्यांच्या काळात त्यांची पुस्तकं प्रचंड खपत आणि समीक्षक मात्र त्यांना धुऊन काढत. बाई इतक्या वैतागल्या, की १८९५ च्या ‘सॉरोज ऑफ सेटन’च्या वेळी त्यांनी पुस्तकातच जाहीर करून टाकलं की अभिप्रायासाठी प्रती कुणाला पाठवलेल्या नाहीत; टीकाकारांना हवं असेल तर त्यांनी चार वाचकांसारखं विकत घ्यावं. फडक्यांनी उमेदवारीसाठी पाया पडायला देवी निवडली ती ही. वाचकांचं प्रेम आणि समीक्षकांची नाराजी हा वारसा त्यांना पहिल्या पुस्तकाबरोबरच मिळाला, म्हणायचा. फरक एवढाच, की कॉरेलीबाईंनी समीक्षकांना दार बंद केलं. फडके उलट स्वतःच समीक्षक होऊन अंगणात उतरले.

ते मुळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने प्रेमकथेकडे वळावं याचं अनेकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. त्यांच्या कादंबरीची बांधणी तर्कशास्त्राच्या माणसाचीच आहे. १९३१ साली त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. लेखन म्हणजे अंगात येणारं वारं नव्हे; ते शिकता येतं, त्याचा रियाज करता येतो, कथानकाची गुंतागुंत कशी वाढवावी, निरगाठ कुठे मारावी, उकल कधी करावी याला तंत्र असतं, असा त्या ग्रंथाचा रोख. पुढच्या पिढीने ‘तंत्र’ या शब्दाचीच टिंगल केली. मी नाही करणार. रोज ठरल्या वेळी टेबलाशी बसणं आणि ठरलेलं काम संपवणं यात प्रतिभेला कमीपणा येतो असं मला कधी वाटलेलं नाही. आणि ज्यांनी टिंगल केली त्यांतल्या अनेकांनी तरुणपणी ‘प्रतिभासाधन’ लपूनछपून वाचलं असणार, असा माझा दाट संशय आहे.

‘जादूगार’ १९२८ ची, ‘दौलत’ १९२९ ची, ‘अटकेपार’ १९३१ ची. फडक्यांचा खरा बहराचा काळ हाच. सलग वाचताना जाणवतं ते असं, की पहिल्या दोन-तीन पानांतच आपण आत ओढले जातो. वाक्यं छोटी, संवाद घरात बोलावेत तसे, आणि कुठेही धाप लागत नाही. त्या आधीच्या किती कादंबऱ्यांत लेखक मध्येच थांबून वाचकाला उपदेशाचा काढा पाजतो! फडक्यांनी तो काढा बंद केला. त्यांच्या पानांवर कॉलेज आहे, टेनिस आहे, मोटार आहे, साडीचा नेमका रंग आहे, संगीत आहे, गैरसमज आणि पत्रं आहेत. त्यांच्या कादंबऱ्यांत घराच्या हप्त्याची काळजी करणारा नायक मला अजून भेटलेला नाही, हेही नोंदवून ठेवतो. पैसा असतो तो आकाशातून पडल्यासारखा. लग्नाच्या उंबरठ्यापर्यंत फडके आपल्याला अलगद नेतात आणि तिथून पुढच्या चाळीस वर्षांबद्दल मुकाट राहतात. त्याच सुमाराला, १९३३ साली, विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निश्वास’ आलं. त्यातल्या शिकलेल्या मुली फडक्यांच्या नायिकांच्या सख्ख्या शेजारणी शोभाव्यात. पण त्यांना घ्यायला मोटार येत नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. माझ्या बेतात ती तशीच ठेवली आहेत.

या वाचनात माझ्या सोबतीला एक वही आहे. माझ्या आईचं शिक्षण मॅट्रिकच्या आत सुटलं आणि १९५२ साली, सतराव्या वर्षी, ती लग्न होऊन मिरजेला आली. वडिलांच्या पगारात वाचनालयाची वर्गणी बसत होती, एवढी एक चैन. तिने जन्मभर वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवली: पुस्तकाचं नाव, परत केल्याची तारीख, आणि दहापैकी गुण. बाकी एक शब्द नाही. तिच्या माघारी ती वही माझ्याकडे आली. घरातले पुरुष फडक्यांच्या नावाला हसत, ती त्यांच्याशी वाद घालायची नाही. पुस्तक पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि रात्री गुण मांडायची. ‘अटकेपार’ला नऊ आहेत. ‘जादूगार’ला आठ. वडिलांनी मोठ्या कौतुकाने आणून दिलेल्या एका वजनदार ग्रंथाला तीन.

मी तिला एकदा विचारलं होतं, काय सापडतं या गोष्टींत? भाजी निवडता निवडता ती म्हणाली ते माझ्या शब्दांत सांगायचं, तर या कादंबऱ्यांत मुलीला आधी विचारतात. तिला काय आवडतं, कोण आवडतो, हा प्रश्न तिथे खराखुरा असतो आणि तीनशे पानं तिच्या होकारासाठी थांबतात. आईला असं कुणी विचारलेलं नव्हतं. फडक्यांवर झालेल्या टीकेत पलायनवाद हा शब्द फार येतो. मला त्या शब्दाशेजारी तो स्वयंपाकघरातला पाट दिसतो.

आणि हा लेखक नुसता गुलाबी कागदावर लिहिणारा नव्हता, हेही त्याच्या टीकाकारांनी सोयीने विसरायचं ठरवलेलं दिसतं. १९२७ साली त्यांचं ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, आणि त्याला प्रस्तावना होती अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ निघालं ते त्याच वर्षी. ज्या विषयाचा उच्चारही चारचौघांत होत नव्हता, त्यावर कॉलेजातला एक प्राध्यापक आपल्या नावानिशी पुस्तक लिहीत होता. बाईच्या इच्छेला किंमत आहे हे त्यांनी कादंबरीत आडून सांगितलं आणि तिथे उघड.

कोल्हापुरात त्यांच्या जोडीला आणखी एक मोठा लेखक होता, वि. स. खांडेकर. एकाच गावात मराठी कादंबरीचे दोन सुभे. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद या दोन नावांभोवती वर्षानुवर्षं रंगला. फडक्यांचं म्हणणं, कलाकृतीचं पहिलं काम आनंद देणं. समाज सुधारायचा असेल तर त्याला दुसरी साधनं आहेत. खांडेकरांना ध्येयवादाशिवाय लेखन पोकळ वाटे. आज दोघांना एकापाठोपाठ वाचलं तर वाटतं, भांडण जितकं मोठं होतं तितकं अंतर मोठं नव्हतं. खांडेकरांच्या ध्येयवादी नायकांनाही प्रेम चुकलेलं नाही, आणि फडक्यांनीही ‘जेहलम’सारख्या कादंबरीत काश्मीरचा प्रश्न आणला आहेच. वादांची फडक्यांना मुळातच हौस. आचार्य अत्र्यांशी त्यांचं जे जाहीर हाडवैर होतं, त्याने महाराष्ट्राची करमणूक पुष्कळ झाली. साहित्याचा फायदा किती झाला कोण जाणे. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा ते कीर्तीच्या शिखरावर होते.

त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात एक कादंबरी घडली. पहिला संसार असलेल्या या मध्यमवयीन प्राध्यापकाने वयाने पुष्कळ लहान असलेल्या कमल दीक्षित यांच्याशी लग्न केलं. गाजावाजा व्हायचा तो झाला. कमला फडके पुढे स्वतः कादंबरीकार म्हणून ओळखल्या गेल्या. या प्रकरणावर निवाडा द्यायला मी बसलेलो नाही. पण पहिल्या घराचं काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. फडक्यांच्या कादंबऱ्यांत नायिकेच्या होकाराला जेवढी जागा आहे, तेवढी मागे राहिलेल्या बाईला नाही. १९६९ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘माझं जीवन : एक कादंबरी’. नाव अगदी त्यांच्या स्वभावाला धरून आहे. कादंबरीकाराला आपल्या आयुष्याचं संपादन करता येतं. आपल्याभोवतीच्या माणसांना ती सवलत नसते.

१९६२ साली पद्मभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि मराठी कादंबरीतल्या तरुणाची भाषाच बदलली. नेमाड्यांनी पुढे फडके-खांडेकरी वळणावर टीकेचा आसूड ओढला, आणि आमच्या पिढीतल्या कॉलेजकुमारांना फडके वाचतो असं सांगायची चोरी झाली. रूढ समज असा, की इथे फडक्यांचा वाचक त्यांच्यापासून तोडला गेला. आईची वही वेगळं सांगते. फडक्यांचे गुण तिच्याकडे त्याआधीच घसरू लागले होते. १९५८ च्या सुमाराला सहा, पुढे पाच, एकदा तर साडेतीन. कुठल्याही टीकाकाराचं एक अक्षर न वाचता तिला कळलं होतं, की हा गृहस्थ आता तीच निरगाठ पुन्हा मारतो आहे. तरी ती त्यांचं नवं पुस्तक आणायची, जुन्या खातेदाराला आपण सांभाळून घेतो तसं. आणि ‘कोसला’? तिला सात दिलेत. हाताचं वळण जरा थरथरलेलं आहे, पण सातच आहेत.

खांडेकरांना ‘ययाति’साठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा फडके ऐंशीचे होते आणि लिहीत होते. आपल्या सुभ्याशेजारच्या सुभ्यावर तोरण चढताना त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करायला कादंबरीकारच व्हायला हवं असं नाही. चार वर्षांनी ते गेले.

आता माझ्या बेताची हकीकत. पंधरवड्याला एक हे वेळापत्रक केव्हाच मोडलं, कारण पुस्तकंच मिळत नाहीत. वाचनालयात फडक्यांचं कपाट आहे, पण मागे, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांआड. पुठ्ठ्याची बांधणी, कोपरे झिजलेले, आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. ती चिठ्ठी मी आधी वाचतो. एका प्रतीवर १९५० च्या दशकातले शिक्के इतके दाट आहेत की चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवावी लागली आहे. मग शिक्के विरळ होत जातात, आणि १९८७ नंतर एकदम माझाच.

ज्यांना थोडक्यात चाखून पाहायचं असेल त्यांनी ‘अटकेपार’पासून सुरुवात करावी, मग ‘दौलत’, आणि कंटाळा आला तर सरळ लघुनिबंधांकडे वळावं. ‘गुजगोष्टी’ आजही दुपारच्या चहाबरोबर छान जातात. उत्तरकाळातल्या कादंबऱ्या माझ्यासारख्या हट्टी माणसांसाठी सोडून द्याव्यात. मी आईच्या गुणांशेजारी पेन्सिलीने माझे गुण मांडतो. ‘अटकेपार’ला मी साडेसात दिले. ‘दौलत’वर आमचं अगदी जुळलं, दोघांचेही आठ.

सध्या १९४८ साल चालू आहे. ‘झंझावात’ संपली, पुढची ‘जेहलम’. आमच्या वाचनालयातल्या प्रतीची पहिली सोळा पानं गायब आहेत, म्हणून ग्रंथपालबाईंनी सांगलीला विचारणा केली आहे. वहीत तिला सात गुण आहेत आणि सातापुढे, कशासाठी कोण जाणे, एक छोटं प्रश्नचिन्ह.