धुळीचे कण आणि जॉन टिंडल

मुलांनो, अंधाऱ्या खोलीत उन्हाची तिरीप आली की तिच्यात धूळ नाचताना तुम्ही पाहिली असेल. जॉन टिंडल यांनी तिचाच अभ्यास केला. ते १८२० साली आयर्लंडमध्ये जन्मले. आधी जमीनमोजणी करीत. १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

त्यांनी एका पेटीला आतून ग्लिसरीन लावले. काही दिवसांत आतली धूळ बसून चिकटली. मग प्रकाशाचा झोत सोडला, तर पेटीत अंधारच! प्रकाश विखुरणारी धूळच उरली नव्हती. त्या हवेत उकळून ठेवलेला मांसरस कित्येक महिने नासला नाही. बाहेरचा मात्र लवकर नासला. धुळीबरोबर जंतू येतात, हे त्यांनी असे दाखवले.

१८९३ साली पत्नीच्या हातून चुकून जास्त औषध दिले गेले व ते वारले.