चालत राहिलेले अण्णा

इफ्तारनंतर भरल्या पोटी बसून राहू नये, असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी नेहमी सांगत. जेवणानंतरच्या त्या फेरफटक्याला उर्दूत चहलकदमी म्हणतात, म्हणजे चाळीस पावले. मराठीत तीच शतपावली. मराठी माणसाला साठ पावले जास्त पडतात, एवढाच काय तो फरक! यंदा रमजान लागल्यावर मी अब्बांना तरावीहसाठी स्कूटरवरून नेऊ लागलो. मशीद दहा मिनिटांच्या वाटेवर. पण वय पंच्याहत्तर, मधुमेह जुना. मला वाटले, आपण सेवा करतोय. अब्बा मात्र नाराज झाले. तेव्हा मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवले.

अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, गाव कोकणातले मुरूड. एका परीक्षेसाठी हा मुलगा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला पोहोचला. तिथे तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. तसाच परत फिरला. पुढे 1891 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि गावाने वाळीत टाकले. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. कॉलेजातले तास संपवून अण्णा चिखल तुडवत हिंगण्याला जात, सकाळी परत येत. एका बाजूला सुमारे चार मैल. व्यायाम म्हणून नव्हे. वाहन नव्हते आणि काम थांबवायचे नव्हते.

माणसे निवृत्त होतात त्या वयात, 58 व्या वर्षी, 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका, जपानच्या दौऱ्यावर निघाले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. परतल्यावर काही महिन्यांतच आफ्रिका. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी संस्था काढून ते दारोदार वर्गणी मागू लागले. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ. 1958 मध्ये शंभरी पूर्ण झाली, त्या वर्षी भारतरत्न मिळाले आणि हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, 104 व्या वर्षी, ते गेले.

चालल्यामुळेच ते एवढे जगले, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. अनुवंश असतो, मिताहार असतो, नशीबही असते. पण पाय आणि मेंदू यांचे नाते आता बरेच उलगडले आहे. चालताना मांडीचे, पोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तीही इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता. म्हणून तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे मोलाची. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मेंदूतल्याही. मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो तो यामुळेही. 2011 मध्ये अमेरिकेत 120 वृद्धांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे, वर्षभर चालणाऱ्यांमध्ये मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला; नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतके ठळक काही दिसले नाही, हेही सांगायला हवे. तरी जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल आणि शिवाय तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते.

आपल्याकडे उलटेच घडते. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे चालणारे आजोबा दिसतात, पण घरोघरी आई-वडिलांच्या हातातली पिशवी आपण काढून घेतो, भाजी ऑनलाइन मागवतो, त्यांना खुर्चीत बसवतो. प्रेमानेच.

गेल्या जुम्म्यापासून आमची स्कूटर दारातच असते. रोजा ठेवायचा की नाही, गोळी कधी घ्यायची, हे आधी डॉक्टरांना विचारून घेतले. इफ्तारच्या अगोदर, साखर उतरलेली असताना, चालायचे नाही. खजूर, पाणी, थोडे खाणे झाले की मग. खिशात साखरेची पुडी. अब्बा पुढे असतात, आणि कोपऱ्यावर ओळखीचे कोणी भेटले की थांबतात. दहा मिनिटांची वाट आता वीस मिनिटांची झाली आहे.