बसच्या वेळापत्रकात बसवलेले डोंगर

आल्फ्रेड वेनराइट यांनी आयुष्यात कधी मोटार चालवली नाही. तरीही उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशातील २१४ डोंगरमाथे त्यांनी पायी पालथे घातले आणि प्रत्येकाची वाट, चढ, माथा व माथ्यावरून दिसणारा मुलूख सात पुस्तकांत काढून ठेवला. डोंगराच्या पायथ्यापर्यंत ते बहुतेक वेळा जात ते साध्या प्रवासी बसने.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वडील गवंडीकाम करीत. हाती आलेला पैसा बराचसा दारूत जाई. अभ्यासात हुशार असूनही वेनराइट यांना तेराव्या वर्षी शाळा सोडून नगरपालिकेच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागावे लागले. रात्री अभ्यास करून ते हिशेबनीस झाले. १९३० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, थोडे पैसे साठवून एका चुलतभावाबरोबर ते आठवडाभराच्या सुटीवर निघाले. बसने विंडरमियर गाठले आणि ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीवर चढले. टेकडी जेमतेम अडीचशे मीटरची, चढ अर्ध्या तासाचा. पण गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या या तरुणाला वरून सरोवर आणि त्यापलीकडची डोंगरांची रांग दिसली, आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

ती गाठायला मात्र अकरा वर्षे लागली. १९४१ मध्ये त्यांनी कमी पगार पत्करून केंडाल या गावच्या नगरपालिकेत नोकरी धरली, कारण तेथून डोंगर जवळ होते. १९४८ मध्ये ते तेथील कोषाध्यक्ष झाले. आठवडाभर पालिकेचे हिशेब, सुटीच्या दिवशी डोंगर, असा त्यांचा क्रम होता. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी रात्री त्यांनी पुस्तकाचे पहिले पान काढायला घेतले आणि सात पुस्तकांसाठी तेरा वर्षांची मुदत स्वतःला घालून दिली. वार्षिक अंदाजपत्रक आखावे तशी ही आखणी होती!

सुटीच्या दिवशी सकाळी लवकरची बस धरायची, चालायचे, टिपणे आणि छायाचित्रे घ्यायची आणि परतीची शेवटची बस गाठायची. बसने जाणाऱ्याला एक जाच असतो आणि एक मोकळीकही. जाच हा, की माथ्यावर धुके हटण्याची वाट पाहत किती वेळ बसायचे हे आकाश ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते. मोकळीक ही, की पायथ्याशी गाडी उभी नसल्याने आल्या वाटेने परतण्याचे बंधन नसते. एका खोऱ्यातून चढावे आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरून तेथील थांबा गाठावा. पहिल्या पुस्तकासाठी त्यांनी पूर्वेकडचे डोंगर निवडले. या विभागाच्या पश्चिम कडेने अँबलसाइडहून केस्विककडे जाणारा हमरस्ता जातो. केंडालहून सर्वांत अडचणीचे असे पश्चिमेचे डोंगर त्यांनी शेवटच्या पुस्तकासाठी ठेवले. या क्रमामागे बसची सोय असणारच, असे नकाशा पाहिल्यावर वाटते.

पुस्तकांत छापखान्याचा खिळा नाही. प्रत्येक अक्षर, नकाशा आणि चित्र त्यांनी शाईने हाताने काढले. सुमारे शंभर पाने झाल्यावर उजवीकडचा समास सरळ येत नाही हे त्यांच्या मनाला लागले; ती पाने टाकून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हिशेबनिसाचा काटेकोरपणा तो हाच. पहिल्या पुस्तकाच्या २,००० प्रतींचा खर्च ९५० पौंड होता आणि गाठीला होते ३५. स्थानिक छापखान्याने विक्रीतून पैसे फेडण्याची मुभा दिली आणि १९५५ मध्ये पुस्तक निघाले. ते त्यांनी सरकारी नकाशे करणाऱ्या सर्वेक्षकांना अर्पण केले. पुढची पुस्तके दगडी कुंपणे रचणाऱ्यांना, त्या भागातील मेंढ्यांना, कुत्र्यांना, आणि एक तर स्वतःच्या दोन पायांना! सातवे पुस्तक १९६६ मध्ये, ठरल्या मुदतीच्या एक आठवडा आधी हातावेगळे झाले.

या नेमस्तपणाची किंमत घरच्यांनी मोजली. १९३१ मध्ये रूथ होल्डन यांच्याशी झालेला त्यांचा विवाह फार लवकर विटला होता. सुटीचे दिवस डोंगरात आणि संध्याकाळी लिहिण्याच्या टेबलापाशी जात. घरात बोलणे नावापुरते उरले. मुलगा पीटर लहानपणी काही वेळा वडिलांबरोबर डोंगरात जाई, पण तेथेही वडील अबोलच. १९६७ मध्ये वेनराइट निवृत्त झाले त्या सुमारास रूथ घर सोडून गेल्या. ज्या पुस्तकांनी असंख्य अनोळखी माणसांना वाट दाखवली, ती लिहिणारा घरात परकाच राहिला, आणि दोष बहुतांशी त्याचाच होता.

१९७० मध्ये त्यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी विवाह केला. त्यांना मोटार चालवता येत होती. १९७३ मध्ये वेनराइट यांनी सेंट बीजपासून रॉबिन हुड्स बेपर्यंत, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची सुमारे १९० मैलांची पायवाट आखून प्रसिद्ध केली. १९८५ पर्यंत लेक डिस्ट्रिक्टच्या त्या सात पुस्तकांच्या दहा लाख प्रती खपल्या होत्या. मानधनाचा मोठा भाग त्यांनी केंडालजवळच्या अनाथ प्राण्यांच्या आश्रयस्थानाला दिला. अखेरच्या वर्षांत दृष्टी जवळजवळ गेली आणि आपणच काढलेले बारीक नकाशे त्यांना वाचता येईनासे झाले.

२० जानेवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. हेस्टॅक्स हा सहाशे मीटरही नसलेला डोंगर त्यांचा सर्वांत लाडका; आपली रक्षा तेथील एका लहानशा तळ्याकाठी विसर्जित व्हावी असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये एका पहाटे बेटी आणि एक जुने सहकारी ती घेऊन वर चढले.