चाकाच्या खुर्चीतील शल्यविशारद : डॉ. मेरी वर्गीस

चेन्नई : मोडलेल्या मणक्याला स्क्रू आणि धातूच्या दांड्यांनी स्थिर करणे चेन्नईतील शस्त्रक्रियागृहांत आज नित्याचे झाले आहे. हे तंत्र प्रचारात येण्यापूर्वी पाठीच्या कण्याला गंभीर इजा झालेल्या एका तरुण महिला डॉक्टरने येथून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरमध्ये अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचा पाया घातला. त्या म्हणजे डॉ. मेरी वर्गीस.

कोचीजवळ १९२५ मध्ये जन्मलेल्या मेरी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीय पदवी संपादन केली. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांसमवेत प्रवास करताना मोटारीला अपघात झाला. मज्जारज्जूला इजा होऊन त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

त्या काळी अशा रुग्णाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहावे लागे. मणक्याच्या पुढील व मागील भागांना जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद पुलातून, म्हणजेच पेडिकलमधून, स्क्रू बसविण्याचे तंत्र फ्रेंच शल्यविशारद रेमों रॉय-कामी यांनी १९६३ पासून वापरात आणले. हा स्क्रू मणक्याच्या पुढील भागापर्यंत पोहोचत असल्याने त्याची पकड घट्ट असते. स्क्रूंना जोडणाऱ्या दांड्या शरीराचा भार पेलतात आणि रुग्णाला लवकर बसविता येते. मात्र हाड ठिसूळ असल्यास स्क्रू सैल होतो. हाड वेळेत न जुळल्यास वारंवार पडणाऱ्या ताणाने तो मोडूही शकतो. शिवाय, तुटलेला मज्जारज्जू कोणताही स्क्रू सांधू शकत नाही. मेरी यांचे पुढील कार्य नेमके याच मर्यादेपलीकडचे होते.

पाय गेले तरी हात शाबूत होते. शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे स्वतः उपचार घेताना पुनर्वसनाची पद्धतशीर व्यवस्था त्यांनी अनुभवली. त्यानंतर न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी या शाखेचे प्रशिक्षण घेतले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी वेल्लोरच्या महाविद्यालयात या विभागाची धुरा सांभाळली. १९६६ मध्ये तेथे रुग्णांना दाखल करून घेणारी देशातील पहिली पुनर्वसन संस्था सुरू झाली. शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग टाळणे, खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकणे, उपजीविकेचे साधन शोधणे, हे सारे तेथे उपचाराचाच भाग ठरले. पूर्वी असे अनेक रुग्ण मूळ दुखापतीतून वाचूनही याच व्रणांमुळे आणि संसर्गामुळे दगावत असत.

केंद्र सरकारने १९७२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविले. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. मणका स्थिर करण्याची साधने त्यानंतर कितीतरी प्रगत झाली. तथापि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी, कामावर आणि समाजात परत नेण्याची जबाबदारी आजही त्यांनी रुजविलेल्या शाखेकडेच आहे.