अर्नेस्ट हेमिंग्वे : जीवन आणि मेंदूवरील आघात

अर्नेस्ट मिलर हेमिंग्वे (२१ जुलै १८९९ – २ जुलै १९६१) हे अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व पत्रकार होते. १९५३ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक आणि १९५४ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्ध, शिकार, मुष्टियुद्ध व खोल समुद्रातील मासेमारी यांमुळे त्यांची साहसी पुरुष अशी प्रतिमा जगभर रूढ झाली. याच साहसांत व अपघातांत त्यांच्या डोक्याला अनेक वेळा गंभीर मार लागला. डोकेदुखी, कानांत सतत होणारा आवाज, दुहेरी दिसणे, बोलण्यातील मंदपणा आणि स्मृतीतील अडथळे या तक्रारी त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात वारंवार जाणवत राहिल्या. अखेरच्या वर्षांतील त्यांच्या मानसिक अवस्थेमागे या आघातांचा वाटा किती होता, हा चरित्रकार व वैद्यकीय अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे.

पूर्वायुष्य आणि पहिली जखम

हेमिंग्वे यांचा जन्म इलिनॉय राज्यातील ओक पार्क येथे झाला. वडील क्लॅरेन्स हे डॉक्टर होते, तर आई ग्रेस संगीत शिकवत असे. शाळेत असताना ते फुटबॉल खेळत. मुष्टियुद्धाची आवडही त्यांना तरुणपणीच लागली. १९१७ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटी स्टार या वृत्तपत्रात बातमीदार म्हणून काम सुरू केले. छोटी वाक्ये व नेमके शब्द ही त्यांच्या गद्याची ओळख या उमेदवारीत घडली.

१९१८ मध्ये रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकातून ते इटलीच्या आघाडीवर गेले. ८ जुलै १९१८ च्या रात्री फोसाल्ता येथे पियावे नदीकाठी, सैनिकांना चॉकलेट व सिगारेटी वाटत असताना, जवळच उखळी तोफेचा गोळा फुटला. त्यांच्या पायांत दोनशेहून अधिक धातूचे तुकडे घुसले. उपचार झाले ते पायांवर. स्फोटाच्या लाटेने मेंदूलाही हादरा बसतो, याकडे त्या काळी फारसे लक्ष दिले जात नसे. घरी परतल्यावर त्यांना अंधारात झोप येईनाशी झाली. हा अनुभव ‘नाऊ आय ले मी’ या कथेत रात्रभर जागणाऱ्या सैनिकाच्या रूपाने आला आहे. मिलानच्या रुग्णालयातील दिवसांतून पुढे ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) ही कादंबरी उभी राहिली.

पॅरिस : छपराची काच

१९२१ मध्ये हॅडली रिचर्डसन यांच्याशी विवाह केल्यानंतर हेमिंग्वे पॅरिसला गेले. ‘द सन ऑल्सो रायझेस’ (१९२६) या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळवून दिली. १९२७ मध्ये त्यांनी पॉलिन फायफर यांच्याशी दुसरा विवाह केला. मार्च १९२८ मध्ये एका रात्री न्हाणीघरातील पाण्याची साखळी समजून त्यांनी छपरातील काचेच्या झरोक्याची दोरी ओढली आणि झरोका त्यांच्या कपाळावर कोसळला. जखमेला टाके घालावे लागले. कपाळावरचा वण त्यांच्या पुढील सर्व छायाचित्रांत दिसतो.

त्याच वर्षी न्यू जर्सीचे रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. डोक्यावर वारंवार ठोसे बसलेल्या खेळाडूंची चाल अडखळते, हालचाली मंदावतात व पुढे बुद्धीही क्षीण होते, असे त्यात दाखवले होते. हा विकार केवळ मुष्टियोद्ध्यांचा आहे, अशी समजूत मात्र पुढे अनेक दशके टिकली. हेमिंग्वे स्वतः हौसेने मुष्टियुद्ध खेळत. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये कॅनेडियन लेखक मॉर्ली कॅलहन यांच्याशी झालेल्या सामन्यात वेळ मोजणारे स्कॉट फिट्झजेराल्ड यांचे घड्याळाकडे दुर्लक्ष झाले. फेरी लांबली आणि हेमिंग्वे ठोसा बसून खाली पडले.

डिसेंबर १९२८ मध्ये त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. घराण्यातील नैराश्याचा हा वारसा लक्षात घेतल्याशिवाय हेमिंग्वे यांच्या आजारपणाचा विचार पूर्ण होत नाही.

१९४४ : एका उन्हाळ्यातील दोन आघात

स्पेनमधील यादवी युद्धाचे वार्तांकन, ‘फॉर हूम द बेल टोल्स’ (१९४०) ही कादंबरी, पत्रकार मार्था गेलहॉर्न यांच्याशी तिसरा विवाह आणि हवानाजवळील फिंका विहिया या घरातील वास्तव्य, असा त्यांच्या यशाचा काळ दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालला. मे १९४४ मध्ये ते युद्धवार्ताहर म्हणून लंडनला पोहोचले. छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांच्याकडील मेजवानीहून परतताना, दिवे मालवलेल्या रस्त्यावर त्यांची मोटार पाण्याच्या टाकीवर आदळली. डोके समोरच्या काचेवर आपटले. टाळूच्या जखमेला पन्नासहून अधिक टाके पडले.

रुग्णालयात असतानाही त्यांचे मद्यपान चालू होते. डोक्याला पागोट्यासारखे पट्टे बांधलेले पाहून भेटीस आलेल्या मार्था यांना हसू आवरले नाही, आणि हा प्रसंग त्यांच्या दुभंगत चाललेल्या संसारात कायमचा सलत राहिला. पूर्ण विश्रांती न घेताच हेमिंग्वे बाहेर पडले आणि ६ जून रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाई पाहण्यासाठी सैनिकांच्या नौकेत बसले.

ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत मोटारसायकलवरून जाताना जर्मन रणगाडाविरोधी तोफेचा मारा सुरू झाला. हेमिंग्वे यांनी चराकडे उडी घेतली आणि त्यांचे डोके दगडावर आपटले. पहिल्या आघाताला तीन महिनेही झाले नव्हते. यानंतर दुहेरी दिसणे, तीव्र डोकेदुखी, कानांतील गुणगुण, शब्द मागेपुढे होणे, बोलणे संथ होणे व लैंगिक दुर्बलता अशा तक्रारी त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत नोंदवल्या आहेत. तरीही ते पॅरिसच्या मुक्तीपर्यंत आणि त्या वर्षाच्या शेवटी ह्युर्टगेनच्या अरण्यातील लढाईपर्यंत सैन्यासोबत राहिले.

पहिला हादरा पूर्ण भरून येण्याआधी दुसरा बसल्यास लक्षणे अधिक तीव्र होतात व बरे होण्यास अधिक काळ लागतो, हे आज वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. सुरुवातीचे एकदोन दिवस विश्रांती, मद्यवर्जन आणि नंतर टप्प्याटप्प्याने कामाकडे परतणे, असा सल्ला आता दिला जातो. हेमिंग्वे यांच्या बाबतीत यांपैकी जवळजवळ काहीच घडले नाही.

क्युबा : लक्षणांसह लेखन

१९४५ मध्ये क्युबाला परतल्यावर त्यांनी मद्य कमी करण्याचा, पोहण्याचा व नियमित व्यायामाचा क्रम आखला. जून १९४५ मध्ये पुन्हा मोटार घसरली आणि कपाळाला मार लागला. या वेळी मेरी वेल्श त्यांच्यासोबत होत्या. १९४६ मध्ये त्यांच्याशी हेमिंग्वे यांचा चौथा विवाह झाला. १९५० च्या उन्हाळ्यात ‘पिलार’ या आपल्या नौकेवर घसरून पडल्याने त्यांच्या डोक्याला पुन्हा खोल जखम झाली.

या काळातील लेखनाची शिस्त त्यांनी शेवटपर्यंत जपली. पहाटे उठायचे, टंकलेखनयंत्र पुस्तकांच्या कपाटावर ठेवून उभ्याने लिहायचे, दुसऱ्या दिवशी पुढे काय लिहायचे हे ठाऊक असतानाच थांबायचे आणि दिवसभरात लिहिलेल्या शब्दांची संख्या भिंतीवरील तक्त्यावर मांडायची, असा त्यांचा दिनक्रम १९५८ मध्ये पॅरिस रिव्ह्यू या नियतकालिकात आलेल्या मुलाखतीतून प्रसिद्ध झाला. ही शिस्त आजारपणाआधीपासूनची होती. मात्र स्मरण व एकाग्रता डळमळू लागलेल्या माणसाला तिचा मोठा आधार झाला असावा.

‘अक्रॉस द रिव्हर अँड इंटू द ट्रीज’ (१९५०) या कादंबरीचा नायक कर्नल कँटवेल हा डोक्याला अनेक वेळा मार लागलेला वृद्ध सैनिक आहे आणि त्याचा डॉक्टर त्याला याविषयी विचारतो. समीक्षकांनी या कादंबरीवर कठोर टीका केली. दोन वर्षांनी आलेल्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) या लघुकादंबरीने त्यांची प्रतिष्ठा परत मिळवून दिली. लाइफ साप्ताहिकाच्या ज्या अंकात ती छापली गेली, त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने तिचा अनुवाद केला आहे.

१९५४ : आफ्रिकेतील विमान अपघात

२३ जानेवारी १९५४ रोजी युगांडातील मर्चिसन धबधब्याजवळ हेमिंग्वे दांपत्याचे छोटे विमान पक्ष्यांचा थवा चुकवताना जुन्या तारायंत्राच्या तारेला लागून कोसळले. रात्र नदीकाठी काढल्यावर दुसऱ्या दिवशी एका नौकेने त्यांना बुटियाबा येथे पोहोचवले. तेथून उड्डाण करताना दुसरे विमानही कोसळले व पेटले. मेरी व वैमानिक खिडकीतून बाहेर पडले. धिप्पाड हेमिंग्वे यांना तेथून निघता येईना, तेव्हा त्यांनी अडकलेले दार डोक्याने धडका देऊन उघडले.

कवटीला तडा गेला होता आणि कानावाटे मेंदूतील द्रव पाझरत होता. यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांना इजा झाली होती आणि पाठीचा मणकाही चेपला गेला होता. एका डोळ्याची दृष्टी व एका कानाची श्रवणशक्ती काही काळ गेली. दरम्यान ते मृत्यू पावल्याची बातमी जगभर छापून आली होती. आपलेच मृत्युलेख वाचण्यात ते रमले आणि वृत्तपत्रांनाही हा किस्सा गमतीदार वाटला. लुक नियतकालिकासाठी या प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी हाताने न लिहिता सांगून लिहवून घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. प्रकृतीमुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. त्यांचे छोटेसे भाषण तेथील अमेरिकन राजदूतांनी वाचून दाखवले.

अखेरची वर्षे

आफ्रिकेनंतर लेखन थांबले नाही, परंतु ते पूर्णत्वास नेणे कठीण होत गेले. आफ्रिकेवरील दीर्घ हस्तलिखित अपुरे राहिले. १९५९ मध्ये लाइफने स्पेनमधील बैलझुंजींवर सुमारे १०,००० शब्दांचा लेख मागितला. हेमिंग्वे यांनी एक लाखाहून अधिक शब्द लिहिले. एकेकाळी अनावश्यक शब्द निर्दयपणे गाळणाऱ्या या लेखकाला आता काय गाळावे हे ठरवता येईना आणि काटछाटीसाठी त्यांना मित्र ए. ई. हॉचनर यांची मदत घ्यावी लागली. पॅरिसच्या आठवणींचे ‘अ मूव्हेबल फीस्ट’ हे या काळातील महत्त्वाचे पुस्तक. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये प्रकाशित झाले.

१९६० मध्ये आयडाहो राज्यातील केचम येथे राहत असताना सरकारी गुप्तहेर आपल्या पाळतीवर आहेत, आपण कफल्लक होणार आहोत, अशा भीतीने त्यांना ग्रासले. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने १९४० च्या दशकापासून त्यांच्याविषयी खरोखरच कागदपत्रे जमवली होती, हे पुढे उघड झाले. त्यांच्या इतर अनेक शंका मात्र निराधार होत्या. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांना मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये गुप्तपणे दाखल करण्यात आले. तेथे नैराश्यावर विद्युतधक्क्यांचे उपचार झाले. या उपचारांनी आपली स्मृती, म्हणजेच लेखकाचे भांडवल, नष्ट झाल्याची त्यांची तक्रार होती. घरी आल्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेट द्यायच्या ग्रंथासाठी काही ओळी लिहिण्याची विनंती आली, तेव्हा अनेक तास बसूनही त्यांना त्या जमल्या नाहीत. वसंतात त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले. जूनच्या अखेरीस ते केचमला परतले आणि २ जुलै १९६१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

नंतरचे मूल्यमापन

सुरुवातीच्या चरित्रांत हेमिंग्वे यांचे अपघात साहसांच्या यादीत जमा झाले, तर शेवटच्या आजाराचे स्पष्टीकरण आनुवंशिक नैराश्य व मद्यपान यांत शोधले गेले. उच्च रक्तदाब, यकृताचा विकार व शरीरात लोह साठण्याचा आनुवंशिक आजार यांचाही उल्लेख केला जातो. २००५ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूतील बदलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांच्या दूरगामी परिणामांकडे लोकांचे लक्ष वेधले गेले आणि हेमिंग्वे यांच्या आयुष्याचेही नव्याने वाचन सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ अँड्र्यू फाराह यांनी ‘हेमिंग्वेज ब्रेन’ (२०१७) या पुस्तकात असे मांडले, की त्यांचा अखेरचा आजार केवळ नैराश्य नसून वारंवारच्या आघातांनी व मद्याने पोसलेला स्मृतिभ्रंशाचा प्रकार होता आणि म्हणूनच विद्युतधक्क्यांनी त्यांना गुण येण्याऐवजी त्यांची प्रकृती खालावली.

अशा विकाराचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच होते. हेमिंग्वे यांच्या बाबतीत ती झाली नाही, त्यामुळे हे निष्कर्ष पत्रे, वैद्यकीय नोंदी व सहवासातील लोकांच्या आठवणींवर आधारलेले आहेत. त्यांच्या पायातील गोळ्यांचे तुकडे मोजले गेले, टाके मोजले गेले, कपाळावरचा वण प्रसिद्ध झाला. डोकेदुखी, विस्मरण व चिडचिड यांना मात्र कधी स्वभाव, कधी मद्य, तर कधी वय असे नाव दिले गेले.