असाही एक ट्रेकर : एडवर्ड व्हिम्पर

शनिवारी रात्री मेस आटोपल्यावर कुणाच्या तरी रूमवर विषय निघतो आणि अर्ध्या तासात ट्रेक ठरतो. टॉर्च याची, दोरी त्याची, बिस्किटांचे पुडे वाटेत घेऊ. बाकी तिथे गेल्यावर बघू! मित्रांनो, आपल्या या प्लॅनिंगला नावं ठेवण्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. तोही सुरुवातीला आपल्यातलाच होता.

एडवर्ड व्हिम्परचा जन्म १८४० साली लंडनमध्ये झाला. धंदा लाकडी ठशांवर चित्रं कोरण्याचा. १८६० मध्ये एका प्रकाशकाने त्याला चित्रं काढण्यासाठी आल्प्समध्ये पाठवलं आणि गडी डोंगरांच्या नादी लागला तो कायमचाच. मॅटरहॉर्न हे शिखर तेव्हा कुणीच सर केलेलं नव्हतं. व्हिम्परने एकामागून एक प्रयत्न केले, सगळे फसले. यातल्या काही चढायांत झाँ-अँत्वान कॅरेल हा इटालियन वाटाड्या त्याच्याबरोबर होता. पण १८६५ मध्ये ऐन वेळी कॅरेल एका इटालियन मोहिमेला जाऊन मिळाला. व्हिम्पर इरेला पेटला. तो स्विस बाजूला गेला, तिथे भेटतील त्यांना घेऊन दोन-तीन दिवसांत सातजणांची टीम जमवली आणि १४ जुलै १८६५ रोजी शिखर गाठलं. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

उतरताना मात्र घात झाला. टीममधल्या डग्लस हॅडो या फारशा अनुभव नसलेल्या पोराचा पाय घसरला. त्याच्यासकट चारजण ओढले गेले, दोरी तुटली आणि चौघंही हजार मीटरहून खाली कोसळले. व्हिम्पर आणि दोन वाटाडे तेवढे वाचले. नंतर कळलं ते जास्त भयंकर होतं. तुटलेली दोरी बरोबर नेलेल्या दोऱ्यांमधली सगळ्यात जुनी आणि कच्ची होती. चांगली दोरी जवळ असून वापरलीच गेली नव्हती.

चौकशी झाली, पेपरांतून टीका झाली. दुसरा कुणी असता तर डोंगराचं नाव सोडून दिलं असतं. व्हिम्परने आल्प्समधल्या मोठ्या चढाया जवळजवळ थांबवल्या, पण डोंगर सोडला नाही. आता त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता : विरळ हवेत माणसाच्या शरीराचं नेमकं काय होतं? हिमालयात जाण्याचा बेत सरहद्दीवरच्या राजकारणामुळे बारगळला. पेरू-बोलिव्हियाकडे वळावं तर १८७९ मध्ये तिथे युद्ध पेटलं. शेवटी त्याने विषुववृत्तावरचा इक्वेडोर निवडला.

त्या देशातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे चिंबोराझो, ६,२६३ मीटर. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर हे शिखर एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटर लांब भरतं! १८०२ मध्ये थोर शास्त्रज्ञ हम्बोल्ट इथे बराच वर चढला होता, पण त्यालाही माथा न गाठता परतावं लागलं होतं.

आणि या मोहिमेसाठी व्हिम्परने माणूस कोण निवडला असेल? तोच कॅरेल, जुना प्रतिस्पर्धी! सोबत त्याचा भाऊबंद लुई कॅरेल. वरचं खाणं पत्र्याच्या डब्यांत आधीच भरून घेतलं. तंबू व्हिम्परने स्वतः डिझाइन केलेल्या नमुन्याचे होते. बरोबर पाऱ्याचे बॅरोमीटर आणि बरेच अनेरॉइड होते, एकाचं रीडिंग दुसऱ्याशी ताडून बघण्यासाठी.

एवढं करूनही डिसेंबर १८७९ मध्ये ५,००० मीटरच्या आसपासच्या कॅम्पवर तिघंही आडवे झाले. ठणकणारं डोकं, ताप, धाप. खाण्याची इच्छाच नाही. गंमत म्हणजे तब्येतीने यथातथाच असलेल्या दुभाष्याला काहीही झालं नाही! इथे १८६५ चा व्हिम्पर असता तर कदाचित तसाच वर धावला असता. हा थांबला. काही दिवसांत शरीर सरावलं, मग कॅम्प आणखी वर नेला. ३ जानेवारीला जोरदार वाऱ्यामुळे मागे फिरले. ४ जानेवारी १८८० रोजी पहाटे पुन्हा निघाले. माथ्याजवळचा बर्फ इतका भुसभुशीत की तो थापटत, हातापायांवर रांगत पुढे सरकावं लागलं. एका माथ्यावर पोचले तर शेजारचा दुसरा माथा जास्त उंच! पुन्हा उतरून तो चढले आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास खऱ्या शिखरावर पाय ठेवला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. अंधारात कॅम्पवर परतले तेव्हा लुईचे पाय हिमदंशाने दुखावले होते, पण तिघंही जिवंत होते.

फेब्रुवारीत ते कोटोपाक्सी या जागत्या ज्वालामुखीच्या माथ्यावर मुद्दाम रात्रभर राहिले. पुन्हा त्रास होतो का ते बघायचं होतं. तो झाला नाही. तंबूची रबरी जमीन मात्र खालच्या उष्णतेने वितळायच्या बेताला आली! चिंबोराझोच्या चढाईवर लोकांनी शंका घेतली, तेव्हा ३ जुलै १८८० रोजी व्हिम्पर वेगळ्या वाटेने पुन्हा वर गेला, या वेळी दोन स्थानिक साथीदारांनाही साक्षीला घेऊन. त्या दिवशी कोटोपाक्सीचा उद्रेक झाला आणि राख थेट यांच्या अंगावर येऊन पडली.

विरळ हवेत बराच काळ ठेवलेला अनेरॉइड हळूहळू चुकत जातो, हेही त्याने रीडिंगं ताडून दाखवलं आणि १८९१ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी कॅलिब्रेशनच्या प्रॅक्टिकलला कंटाळा करण्याआधी हे आठवावं. कॅरेल १८९० मध्ये मॅटरहॉर्नवरच गेला. वादळात आपल्या माणसांना सुखरूप खाली आणलं आणि थकून तिथेच प्राण सोडला. व्हिम्पर १९११ मध्ये शामोनीच्या एका हॉटेलात वारला. त्याची कबर तिथेच आहे.

मॅटरहॉर्नने त्याला नाव दिलं, पण शिकवलं त्या तुटलेल्या दोरीने. दोरी, यंत्र आणि स्वतःचं शरीर या तिन्हींवर आधी शंका घ्यायची, मगच भरवसा ठेवायचा. तेव्हा पुढच्या शनिवारी ट्रेक जरूर ठरवा. फक्त निघण्याआधी ती दोरी कुणाची आणि किती जुनी आहे, एवढं विचारून घ्या!