काका केळकरांचा राजा

वाडे पाडले जात होते, माळे रिकामे होत होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची तांब्यापितळेची वस्तू वजनावर मोडीत निघत होती. त्या काळात, १९२० च्या सुमारास, पुण्यातील एका चष्मे विक्रेत्याने अशा वस्तू जमवण्यास आरंभ केला. ते होते दिनकर गंगाधर ऊर्फ काका केळकर. त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत.

राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यापेक्षा सामान्य माणसाच्या हातातील कला त्यांना अधिक मोलाची वाटे. म्हणून त्यांच्या संग्रहात अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये आली. बंदुकीच्या दारूसाठी कमरेला बांधायच्या नक्षीदार बारूददाण्या आल्या, तशाच बाहुल्या आणि खेळणीही आली. तळहातावर मावणाऱ्या वस्तूवरही कारागिराने जीव ओतलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते.

अशा वस्तूंची निगा हे संयमाचे काम. पितळ चिंचेने लख्ख घासण्याची घरोघरची सवय येथे घातक ठरते. जुना काळसर थर जातो आणि बारीक कोरीव कामही झिजते. उलट लोखंडावरील गंज राहू दिला, तर तो वस्तूच खातो. काय काढायचे आणि काय राखायचे, हा विवेक संग्राहकाला पदोपदी करावा लागतो.

केळकरांच्या या ध्यासाला पत्नी कमलाबाईंची साथ लाभली. संसारावर मात्र मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा अवघ्या सातव्या वर्षी गेला. दुसऱ्यांच्या घरातील खेळणी जपणाऱ्या या पित्याने पुढे आपल्या संग्रहालाच मुलाचे नाव दिले.

१९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५ हजार वस्तू झाल्या. तो विकून श्रीमंत होणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुणे विद्यापीठाने १९७८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तर १९८० मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

आज बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजाचे बालपण सात वर्षांत संपले. त्याच्या नावाच्या या घरात मात्र असंख्य अनामिक मुलांची खेळणी सुखरूप आहेत.